काच निवते कशी?

काच घन की द्रव, हा प्रश्न वर्गात हटकून निघायचा. काच म्हणजे अतिशीत द्रव, म्हणून युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा ओघळून खालून जाड झाल्या, असे सांगणारे आजही भेटतात. त्या काचा मुळात एकसारख्या जाडीच्या बनतच नसत, एवढेच. मात्र रचना पाहिली तर प्रश्न खरा आहे. मिठाच्या खड्यात कणांच्या रांगा कवायतीसारख्या. काचेत द्रवातली दाटीवाटी तशीच थिजलेली. (आमच्या नवापूर स्टेशनवर एक बाक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. काचेचे काहीसे तसेच!)

ही थिजवण्याची कला आपण वर्गणी काढून शिकलो. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसाफंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले जाणकार. पुढे १९१६ साली कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगल्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांत पोचला. वीज येण्याआधी किती जणांचा अभ्यास त्या उजेडात झाला असेल!

काच कारखान्यात भट्टीइतकेच महत्त्व निववण्याला. फुंकलेली काच एकदम गार केली तर आत ताण राहतो आणि ती अवचित तडकते. शिवाय जितके सावकाश निववावे, तितके कण जास्त घट्ट बसतात. पण सावकाश म्हणजे किती? १९४८ साली वॉल्टर काउझमन यांनी दाखवले, की द्रव स्फटिक न होऊ देता थंड करत गेलो, तर एका टप्प्यावर त्यातली अव्यवस्था स्फटिकाहूनही कमी व्हायला हवी. हे कसे शक्य आहे? तपासायला तिथवर जावे, तर माणसाचे आयुष्य पुरत नाही.

२००७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मार्क एडिगर आणि सहकाऱ्यांनी आडवाट काढली. इंडोमेथॅसिन हे सांधेदुखीवरचे औषध. त्याची काच ४२ अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी! निर्वातात त्याची वाफ करून रेणू त्याहून सुमारे ५० अंश थंड पृष्ठावर हळूहळू बसवले. वरच्या थरातला रेणू आतल्यांसारखा चहूबाजूंनी जखडलेला नसतो. अंगावर पुढचा थर येण्याआधी तो आपली जागा शोधून घेतो. पृष्ठ फारच थंड असेल तर मात्र पडल्या जागीच थिजतो. अशी काच नेहमीच्या काचेपेक्षा घट्ट, आणि तापवली तरी जास्त टिकणारी. साध्या काचेला तितके मुरायला हजारो वर्षे लागली असती.

मोबाईलच्या ओएलईडी पडद्यातले बरेचसे थर असेच वाफेतून बसवतात. तिथे रेणू आडवे बसले की प्रकाश जास्त बाहेर पडतो. कंदिलात काच ज्योतीला सांभाळायची. इथे काचेचा थरच उजळतो.