बिघडलेला माऊस, चपातीची फॉईल आणि एक बटण : घरच्या घरी बनणारी इनपुट उपकरणं

माऊस वापरायला काय लागतं? तो हातात धरायचा, सरकवायचा, बाण बरोबर जागी थांबवायचा आणि हात न हलवता एका बोटाने क्लिक करायचं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या एखाद्या मुलाला ही चार कामं एकदम जमत नाहीत. धडा समजलेला असतो, उत्तर येत असतं, हात मात्र ऐकत नाही. परीक्षेला लेखनिक मिळतो. पण रोजचं काय? मित्राला मेसेज करायचा असो की यूट्यूबवर कुस्ती लावायची असो, दर वेळी आईला हाक मारायची.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे ‘स्विच’. एकच मोठं बटण. ते तळहाताने, कोपराने, गुडघ्याने, अगदी डोक्यानेही दाबता येतं. बाकीचं काम कॉम्प्युटर करतो. तयार स्विच बाजारात मिळतात, पण स्विच आणि तो कॉम्प्युटरला जोडणारा डबा यांचा खर्च हजारांत जातो. शिवाय आपल्या मुलाला तो जमेल का, हे विकत घेतल्याशिवाय कळत नाही.

आता शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या वाडीचा विचार करा. आंबा घाट, विशाळगडाकडचा डोंगराळ भाग, पावसाळ्यात दिवस दिवस कोसळणारा पाऊस, आणि थेरपिस्ट गाठायचा तर कोल्हापूर. तिथे हजारोंचं बटण ‘बघू चालतंय का’ म्हणून कोण मागवणार? पण असं बटण घरी बनतं. बऱ्याचशा वस्तू घरातच पडलेल्या असतात.

कीबोर्डच्या पोटात काय असतं?

बंद पडलेला साधा कीबोर्ड उघडला की आत प्लॅस्टिकचे तीन पातळ थर निघतात. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहून नेणाऱ्या रेघा छापलेल्या असतात. मधल्या थराला फक्त भोकं असतात. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते आणि कॉम्प्युटरला कळतं, की अक्षर दाबलं गेलं. दोन टोकं एकमेकांना टेकवायची, एवढाच सगळा खेळ आहे. आणि जे कारखान्यात प्लॅस्टिकवर होतं, ते घरी पुठ्ठ्यावरही होतं.

बटण असं बनतं

तळहाताएवढे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. डब्यात चपाती गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉईल दोन्हींच्या आतल्या बाजूला चिकटवा. प्रत्येक फॉईलला एकेक वायर घट्ट टेपने लावा. मध्ये भांडी घासायच्या स्पंजचा पातळ तुकडा ठेवा आणि त्याला मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा. वरून दाबलं की दोन फॉईल भोकातून भेटतात, सोडलं की स्पंज त्यांना वेगळं करतो. बटण तयार.

आता काही गोष्टी, ज्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. चिप्सच्या पाकिटाची चकचकीत बाजू चालत नाही, कारण तिच्यातला धातूचा थर प्लॅस्टिकमध्ये दबलेला असतो. जुन्या इअरफोनच्या वायरीही फसवतात. आतल्या बारीक तारांवर रंगीत लेप असतो, तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही. त्यापेक्षा खराब चार्जरची वायर बरी. आणि आंब्याकडच्या पावसात पुठ्ठा आठ दिवसांत मऊ पडणार. तिथे फ्लेक्सच्या जुन्या बोर्डाचे तुकडे दोन-तीन पदरी करून वापरावेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे कमी नाहीत.

ज्याला दाबण्यापेक्षा चिमटीत धरणं सोपं जातं, त्याच्यासाठी कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा घ्यायचा. ज्या टोकांना आपण दाबतो, त्यांच्या आतल्या बाजूला फॉईल लावायची. दाबलं की टोकं टेकतात, स्प्रिंग आपोआप सोडवते.

पण हे कॉम्प्युटरला कळणार कसं?

त्यासाठी लागतो जुना यूएसबी माऊस. त्याची वायर कॉम्प्युटरमधून काढा आणि मगच तो उघडा. डाव्या क्लिकखाली एक छोटी काळी डबी दिसेल. तिला तीन पाय असतात आणि साध्या माऊसमध्ये त्यातले दोन जोडले गेले की क्लिक होतं. त्या दोन पायांना बटणाच्या दोन वायरी सोल्डर करायच्या. मोबाईल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हे काम काही मिनिटांत होतं. माऊस पुन्हा बंद करा आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून द्या. आता पुठ्ठ्याचं बटण म्हणजेच माऊसचं डावं क्लिक.

यूएसबीत फक्त ५ व्होल्ट असतात, त्यामुळे शॉकची भीती नाही. मात्र हे बटण भिंतीवरच्या विजेला कधीही जोडायचं नाही.

एका बटणाने मराठी टाईप होतं?

होतं. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि ओ ही बटणं एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड येतो. त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘स्कॅन’ची सोय आहे. ती चालू केली की कीबोर्डच्या ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतले भाग उजळतात, पुन्हा दाबायचं, असं करत अक्षरापर्यंत पोचायचं. निवड माऊसच्या क्लिकने होईल असं तिथेच ठरवता येतं आणि स्कॅनचा वेगही कमी-जास्त करता येतो. कॉम्प्युटरची भाषा मराठी केली की अक्षरंही देवनागरी दिसतात.

काम धीराचं आहे, हे मात्र खरं. ‘शाहूवाडी’ लिहायला आठ चिन्हं लागतात, शिवाय इनस्क्रिप्टमध्ये ‘श’साठी शिफ्ट वेगळी. प्रत्येक निवडीला दोन-तीन वेळा बटण दाबावं लागतं, म्हणजे एका शब्दाला वीस-पंचवीस वेळा. पण तो शब्द त्याने स्वतः लिहिलेला असतो.

घरात कॉम्प्युटर नसेल तर फोनही चालतो. अँड्रॉइडमध्ये ‘स्विच ॲक्सेस’ नावाची सोय आहे, काही फोनवर ती वेगळी डाउनलोड करावी लागते. तिला मात्र माऊसऐवजी कीबोर्डचं बटण लागतं. सेल्फी स्टिकबरोबर येणारं ब्लूटूथ बटण इथे कामी येतं, कारण फोनला ते आवाज वाढवायचं बटण वाटतं. किंवा ओटीजी केबलने साधा कीबोर्ड जोडायचा आणि त्यावर भोकं पाडलेला पातळ प्लायवूड बसवायचा, म्हणजे थरथरणारा हात टेकला तरी शेजारचं बटण दाबलं जात नाही. याला कीगार्ड म्हणतात. स्विचआधी हाच करून बघावा, अनेकांचं काम यावरच भागतं.

हे जुगाड नवं नाही

मुळात माऊसच असा जन्मला. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला, तो लाकडी ठोकळा होता आणि त्याला खाली दोन चाकं होती. २०१२ मध्ये जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम या एमआयटीतल्या दोघांनी ‘मेकी मेकी’ नावाचा छोटा सर्किट बोर्ड आणला. त्याला चिमट्यांनी केळं जोडलं की केळं कीबोर्डचं बटण होतं. केळ्यातून किंवा ओल्या मातीतून जाणारी अगदी थोडी वीजही हा बोर्ड ओळखतो. मजेचा खेळ म्हणून आलेला हा बोर्ड पुढे अपंग मुलांचे स्विच बनवायलाही वापरला गेला.

महाराष्ट्रात हाताने वस्तू बनवत शिकायची परंपरा पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने रुजवली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला आणि जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथे उभी राहिली. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. पुनर्वसनाबद्दल विचारायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांसाठी ती जवळची जागा आहे.

बनवण्याआधी एक काम

बटण बनवायच्या आधी मुलाकडे दोन दिवस नीट बघा. कुठली हालचाल तो ठरवून करू शकतो आणि न थकता परत परत करू शकतो? ती उजव्या हाताचीच असेल असं नाही. मान डावीकडे वळवणं जमत असेल, तर बटण खुर्चीच्या पाठीला, डाव्या कानाशी बांधायचं. चुकीच्या जागी लावलेलं बटण दोन दिवसांत कपाटावर जातं आणि ‘त्याला जमत नाही’ असा शिक्का बसतो. इथे घरच्या बटणाचा खरा फायदा दिसतो. जागा चुकली तर सेलोटेप काढायची आणि दुसरीकडे लावायची.

पहिल्याच दिवशी टायपिंग नको. आधी एक क्लिक म्हणजे एक गाणं, एवढंच ठेवा. यूट्यूबवर बाण प्ले बटणावर नेऊन ठेवा आणि स्विच मुलाच्या ताब्यात द्या.