हासापी

सुमात्रा बेटावर तोबा सरोवराच्या काठी राहणारे बाताक लोक ‘हासापी’ वाजवतात. एकाच लाकडातून कोरलेलं, होडीच्या आकाराचं पोट, लांब मान, शेंड्यावर कोरीव मानवाकृती आणि तारा फक्त दोन. पण या नावाचं कूळ मोठं आहे! ते थेट आपल्या ‘कच्छपी’पाशी पोचतं. कच्छप म्हणजे कासव, आणि कच्छपी ही सरस्वतीची वीणा.

मग ‘क’ गेला कुठे? तोबा बोलीत शब्दारंभीच्या ‘क’चा ‘ह’ होतो. मलय भाषेतला ‘कुदा’, म्हणजे घोडा, तिथे ‘होदा’ होतो. ‘च’ तर त्या बोलीत नाहीच, त्याची जागा ‘स’ घेतो. त्यामुळे ‘कच्छपी’वरून आलेल्या ‘काचापी’ची ‘हासापी’ झाली. शेजारच्या कारो बाताकांनी मात्र ‘कुल्चापी’ म्हणत दोन्ही वर्ण जपले. मला हे फार लोभस वाटतं.

नाव टिकलं तरी वाद्य तेच राहिलं असं नाही. पश्चिम जावातल्या सुंदा लोकांची ‘काचापी’ बिनमानेची, आडवी ठेवून छेडायची, अनेक तारांची. फिलिपिन्समधली ‘कुद्यापी’ पुन्हा दोन तारांची. तोब्यात ‘गोंदांग हासापी’ या वाद्यमेळात हासाप्या जोडीने बसतात: एक सुरावट वाजवते, दुसरी ठेका धरते.