सरी

परवा मावसभावाने कयान बायकांचे फोटो पाठवले. गळ्यात पितळेची चकचकीत वेटोळी, हनुवटीपर्यंत. लगेच घरच्यांची उत्तरं आली, "बिचाऱ्या! मान केवढी ताणलीय!"

खरं तर मान ताणली जातच नाही. वेटोळ्याच्या वजनाने गळ्याजवळची हाडं आणि वरच्या बरगड्या खाली दबतात, म्हणून मान लांब दिसते. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की पहिलं वेटोळं चढतं, पुढे वयाबरोबर मोठं होत जातं. हे लोक मूळचे म्यानमारच्या कया राज्यातले. तिथल्या लढायांमुळे १९८०-९०च्या दशकांत बरेच जण थायलंडच्या मे हाँग सॉन भागात आले, आणि पर्यटक पैसे मोजून त्यांना बघायला येऊ लागले.

मला मात्र आमची आजी आठवली. पेणच्या घरात तिचा एकच जुना फोटो होता, त्यात गळ्यात चांदीची सरी. आता सरी म्हणजे काय हे आमच्या मुलांना सांगावं लागतं. हार नव्हे, साखळी नव्हे. गळ्याभोवती बसणारं भरीव कडंच ते. "एकीने घातली सरी म्हणून दुसरीने घातली दोरी" या म्हणीतली सरी ती हीच. सरी म्हणजे ऐपत, हे म्हणीतच आलंय.

आणि ऐपत म्हणजे अडीअडचणीची बँक. पेणकडच्या खाडीकाठी खारभूमीची शेती. उधाणाने बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं, आणि एकदा जमीन खारवली की पुढची काही वर्षं भाताची आशा सोडायची. मग घरातली चांदी सावकाराकडे जायची. आजीची सरीही अशीच गेली. तिच्या रोह्याच्या माहेरून आलेली, म्हणजे हक्काने तिची. पण गहाण टाकायचं पुरुषांनी ठरवलं. ती परत सुटली नाही.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आजी, टोचायची का गं?"

"टोचायची तर! रात्री कूस बदलता यायची नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "पण गळ्यात होती तवर घरात माझा शबुद होता."

बोलता बोलता तिचा हात गळ्याकडे जायचा. शेवटपर्यंत ती सवय गेली नाही.

म्हणून "बिचाऱ्या" म्हणताना मी जरा अडखळतो. कयान मुलींपैकी काहींनी वेटोळी उतरवली, काहींनी ठेवली. कुणाला तो मान वाटतो, कुणाचं त्यावर पोट चालतं. दागिना जड आहे की नाही यापेक्षा तो कुणी घातला आणि उतरवायचा कुणी ठरवलं, हे विचारायला हवं. आजीला ते कुणी विचारलं नव्हतं.

असो. तो फोटो घर बदलताना कुठे गेला कळत नाही. नातेवाईकांपैकी कुणाकडे प्रत असेल तर जरूर कळवा.