फसवा मेल, खोटं चलान, रिकामं खातं: ओळखायचं कसं आणि पैसे गेले तर पहिल्या तासात काय करायचं

गाडी केए २२ पासिंगची. गेल्या रविवारी कोल्हापूरला जाऊन आलेली. सोमवारी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘आपल्या वाहनाचे चलान प्रलंबित आहे’, खाली एक फाईल. कुठेतरी सिग्नल चुकला असेल असं वाटतं, माणूस फाईल उघडतो. रात्रीत खात्यातून चार-पाच वेळा पैसे जातात. सकाळी बँकेत तो शपथेवर सांगतो, ‘मी ओटीपी कुणालाच दिला नाही हो.’ तो खोटं बोलत नसतो. ओटीपी त्या फाईलनेच वाचलेला असतो.

सीमाभागातल्या माणसाचे व्यवहार दोन-तीन राज्यांत पसरलेले असतात. घर बेळगाव-निपाणीत, मुलगी पुण्यात, खातं कोल्हापूरच्या बँकेत, माल गोव्याला. त्यामुळे परराज्यातल्या खात्याचा मेसेज आला तरी खटकत नाही. ठग नेमकं तेच ओळखून असतात.

मेल आला की आधी काय पाहायचं

पाठवणाऱ्याचं नाव पाहून विश्वास ठेवू नका. नाव कुणीही काहीही लिहू शकतो. नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडा आणि ॲट या चिन्हानंतरचा भाग वाचा. बँकेचं नाव आणि पुढे भलतंच काहीतरी जोडलेलं असेल, तर तो मेल बँकेचा नाही. इंग्रजी आर आणि एन जवळजवळ लिहिले की एम दिसतो, एलच्या जागी एकचा आकडा टाकतात. घाईत डोळा फसतो.

लिंकचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे शेवटी जे येतं, तो खरा मालक. सुरुवातीला बँकेचं नाव असून उपयोग नाही. सरकारी संकेतस्थळ गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनने संपतं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे बँकेच्या संकेतस्थळाची ही सोपी खूण झाली. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र आहे म्हणून साईट खरी, असं मात्र नाही. ते कुलूप ठगांनाही मिळतं.

एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता एक अक्षर असतं: एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. ‘खातं बंद होणार, केवायसी करा’ असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

आपल्या भागात चालणारे सापळे

*चलान, लग्नपत्रिका, पीएम किसान:* फाईलच्या नावाशेवटी एपीके असेल तर ते पत्र किंवा फोटो नसून ॲप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि आपण ‘अलाऊ’ दाबतो. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका. त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. चलान पाहायचं तर ई-चलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाईप करून पाहा.

*वीज तोडण्याची धमकी:* ‘आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापणार, या नंबरवर फोन करा.’ बेळगावला वीज हेस्कॉम देते, कोल्हापूर-सांगलीला महावितरण. बेळगावच्या घराला महावितरणच्या नावाने मेसेज आला तर तिथेच समजून जा. मेसेज हेस्कॉमच्या नावाने असला, तरी बिलावर छापलेल्या नंबरवरच विचारा.

*योजनांची लिंक:* लाडकी बहीण ही महाराष्ट्रात राहणाऱ्या महिलांसाठी, गृहलक्ष्मी कर्नाटकासाठी. ‘दोन्हीकडचे पैसे मिळवून देतो’ म्हणून आधार आणि खाते नंबर मागणारा फॉर्म हा सापळाच.

*पैसे घ्यायला पिन:* यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना, नाहीतर शिल्लक पाहताना लागतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणणारा तुमच्या खात्यातून पैसे काढत असतो.

*डिजिटल अटक:* व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी कुणीही फोनवर ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. कॉल कट केल्याने गुन्हा होत नाही. घरातल्या वयस्कर मंडळींना हे आजच सांगून ठेवा.

व्यापारी आणि कारखानदारांसाठी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीपासून बाजारपेठेतल्या होलसेल दुकानापर्यंत सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा एक प्रकार आहे, कारण त्यात रक्कम मोठी जाते. तुमचा किंवा सप्लायरचा मेल कुणीतरी आधीच उघडलेला असतो. तो गप्प बसून पत्रव्यवहार वाचतो. बिल द्यायची वेळ आली की मेल येतो, ‘आमचे खाते ऑडिटमध्ये आहे, यावेळचे पेमेंट नवीन खात्यावर करावे.’ बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, लेटरहेडही तेच. बदललेला असतो फक्त खाते नंबर आणि मेल पत्त्यातलं एखादं अक्षर.

उपाय साधा आहे. खाते नंबर बदलल्याचं कळलं की त्या मेलला उत्तर द्यायचं नाही, मेलमधल्या नंबरवर फोनही करायचा नाही. वहीत पूर्वीपासून असलेल्या नंबरवर पार्टीशी बोलायचं. मोठी रक्कम दोघांनी तपासल्याशिवाय सोडायची नाही. ऑफिसच्या मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा आणि सेटिंगमध्ये जाऊन तुमचे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर ‘फॉरवर्ड’ होत नाहीत ना, ते महिन्यातून एकदा पाहा.

पैसे गेले तर, याच क्रमाने

१. लगेच १९३० वर फोन करा. हा देशभर चालणारा नंबर आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरतात. वाटेत असेपर्यंतच ते गोठवता येतात.
२. बँकेच्या नंबरवर फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.
३. एपीके उघडलं असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. पासवर्ड दुसऱ्या फोनवरूनच बदला. ##००२# डायल केलं की कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं.
४. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर नंबर, स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर जोडा. लाजेपोटी मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा.

पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला असेल, तर संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये कळवता येतं.

तक्रार कुठल्या राज्यात?

खातं कोल्हापुरात, राहणं खानापुरात, ठग भलत्याच राज्यात. मग ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकायला मिळतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. कलमाचा नंबर सांगून शांतपणे आग्रह धरा.

बँकेची जबाबदारी किती?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे कामाला येतं. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत भार. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे.

ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपलीच असली तरी फोन करायचा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८. पतसंस्था मात्र या चौकटीत येत नाहीत, हे ठेव ठेवतानाच ध्यानात घ्या.

फसलेला माणूस बहुतेक वेळा दोन दिवस कुणाला सांगत नाही. घरचे ओरडतील, लोक हसतील. पैसे परत येण्याची शक्यता त्याच दोन दिवसांत संपते. घरात कुणी ‘माझ्याकडून चुकून लिंक दाबली गेली’ म्हणालं, तर रागवायचं नंतर. आधी १९३० लावा.