दशांश बाजूंच्या आयताचे क्षेत्रफळ
आयताच्या दोन्ही बाजू एककाहून लहान असल्या, तर क्षेत्रफळाची संख्या त्या दोन्ही संख्यांपेक्षा लहान येते. १ मी. बाजूच्या चौरसाची प्रत्येक बाजू दहा समान भागांत विभागल्यास १०० लहान चौरस मिळतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ०.०१ चौ. मी. असते. ०.४ मी. लांब व ०.३ मी. रुंद आयत त्यांपैकी ४ × ३ = १२ चौरस व्यापतो; म्हणून त्याचे क्षेत्रफळ ०.१२ चौ. मी. भरते. ०.३ ने गुणणे म्हणजे दहा भागांपैकी तीन घेणे. त्यामुळे गुणाकार घटतो. मात्र लांबी व क्षेत्रफळ या भिन्न राशी असल्याने आयत ‘आक्रसला’ असा याचा अर्थ होत नाही. सेंटिमीटरमध्ये मोजल्यास त्याच आयताचे क्षेत्रफळ ४० × ३० = १,२०० चौ. सेंमी. येते.