तिकिटापूर्वीचा लखोटा

तंजावर म्हटले की सरस्वती महालातील पोथ्यांचे स्मरण होते. त्या पोथ्यांच्या सोबतीस मोडी कागदांचे रुमालही तेथे आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. जुन्या टपालाचा संग्रह करणाऱ्या रसिकास हे कागद एक निराळाच धडा देतात.

तिकीट हा काही टपालाचा प्रारंभ नव्हे. हिंदुस्थानभर चालणारी तिकिटे १ ऑक्टोबर १८५४ रोजी विक्रीस आली आणि पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात कितीही दूर जाऊ लागले. तत्पूर्वी राजेरजवाड्यांचे जासूद व सावकारांचे कासीद पत्रे पोचवीत. १८३७ च्या कायद्याने कंपनीने आपल्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा हक्क स्वतःकडे घेतला आणि खासगी वाहकांच्या धंद्यावर गदा आली.

पुढे १८५५ साली तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले व ते राज्य संपले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या या मराठी राज्यास तिकिटाचे युग लाभले ते जेमतेम एक वर्ष! केवळ तिकिटे वेचणाऱ्यास हा सारा इतिहास अदृश्यच राहणार.

त्या काळी निराळे पाकीट क्वचितच असे. कागदाची घडी घालून तिच्यावरच पत्ता लिहीत. लखोटा आणि मजकूर एकच. अशा कागदावर तिकीट नाही, म्हणून केवळ तिकिटे वेचणाऱ्याकडे त्यास मोल नाही. आणि मोडी वाचता येत नाही, म्हणून घरातही नाही. जुन्या पेटीतील असा लखोटा रद्दीत टाकण्यापूर्वी तो एखाद्या मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. तिकीट हरवले तर दुसरे मिळेल. हे पत्र मात्र एकच असते.