दोन ओळींची ओळख: वेबपानाच्या वर्णनाचा इतिहास

सर्च इंजिनवर एखादा शब्द शोधला की निकालांच्या यादीत प्रत्येक शीर्षकाखाली दोन-तीन ओळींचा जो मजकूर दिसतो, त्याला स्निपेट म्हणतात. आणि तेथे काय दिसावे हे सुचवण्यासाठी वेबपानाचा कर्ता पानाच्या शीर्षभागात, म्हणजे पान उघडल्यावर वाचकाला न दिसणाऱ्या संकेतलेखनात, जे वर्णन लिहून ठेवतो, त्याला मेटा डिस्क्रिप्शन असे नाव आहे. या प्रथेचे वय जेमतेम तीस वर्षांचे असले, तरी एखाद्या मजकुरात काय आहे हे थोडक्यात सांगण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा, त्रयस्थ संपादकाचा की यंत्राचा, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न वेबच्या कितीतरी आधीचा आहे.

१९०७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ या नियतकालिकासाठी अनेक दशके स्वयंसेवक रसायनशास्त्रज्ञ इतरांच्या शोधनिबंधांचे सारांश लिहीत असत. तेथे वर्णनाचे काम विषय जाणणाऱ्या त्रयस्थाकडे होते. आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये हेच काम यंत्राकडे सोपवून पाहिले. लेखात वारंवार येणारे महत्त्वाचे शब्द मोजायचे, ते शब्द ज्या वाक्यांत दाटीने आले असतील ती वाक्ये निवडायची आणि तीच सारांश म्हणून छापायची, अशी त्यांची पद्धत होती. नवे वाक्य रचायचे नाही, आहे तेच वेचायचे, हे तत्त्व पुढे सर्च इंजिनांच्या फार उपयोगी पडले.

वेबपाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रमाणित झाली, तेव्हा तिच्यात ‘मेटा’ हा घटक होता. पानाविषयीची माहिती पानातच नोंदवण्याची ती जागा होती, मात्र तेथे नेमके काय लिहावे हे ठरलेले नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘अल्टाव्हिस्टा’ हे सर्च इंजिन खुले केले. निकालात पानाचे पहिले काही शब्द उचलून दाखवायचे, ही त्या काळातली सोपी वहिवाट होती, आणि त्यामुळे पुष्कळ पानांची ओळख म्हणून केवळ स्वागताचे वाक्य किंवा मेनूतील शब्दांची रांग झळकत असे. मे १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने भरवलेल्या कार्यशाळेत सर्च इंजिने चालवणारी मंडळी एकत्र बसली, आणि ‘लायकॉस’चे मायकेल मॉल्डिन यांनी लिहिलेल्या तिथल्या टिपणात ‘डिस्क्रिप्शन’ आणि ‘कीवर्ड्स’ या दोन नोंदींचा स्पष्ट उल्लेख आला. पहिलीतील मजकूर सर्च सेवेने पानाचा सारांश छापताना वापरावा आणि त्यात कोणतीही सजावट नसावी, तर दुसरीत स्वल्पविरामांनी वेगळे केलेले शब्द असावेत, एवढीच ती साधी तजवीज होती. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने आपल्या परिशिष्टात या दोन्हींची शिफारस केली.

तजवीज साधी असली तरी तिच्यात एक मोठी फट होती. कीवर्ड्सची नोंद वाचकाला कधीच दिसत नसल्यामुळे तिच्यात पानाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द, एकच शब्द शेकडो वेळा, आणि थेट प्रतिस्पर्ध्यांची नावेही भरली जाऊ लागली. अमेरिकेतील नवव्या सर्किट न्यायालयाने १९९९ च्या ब्रूकफील्ड खटल्यात अशा वापराची तुलना हमरस्त्यावर दुसऱ्याच्या दुकानाची खोटी पाटी लावून गिऱ्हाइकाला आपल्याकडे वळवण्याशी केली. मुंबई उच्च न्यायालयासमोरही हा प्रश्न २०१४ मध्ये आला. ‘शादी.कॉम’ चालवणाऱ्या कंपनीच्या दाव्यात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मेटा टॅग म्हणजे काय हे निकालपत्रातच उलगडून सांगितले आणि दुसऱ्याचे नाव तेथे घालून त्याच्याकडे निघालेला वाचक पळवणे गैर ठरवले. पडद्यावर न दिसणारी ओळही सार्वजनिक विधानच असते, हे या निकालातून ध्वनित होते, आणि ते योग्यच आहे.

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये गूगलची रचना मांडणाऱ्या निबंधात या अपयशाचे कारण नेमके पकडले होते: पानावरचा जो मजकूर वाचकाला थेट दाखवला जात नाही, त्याचा वापर सर्च इंजिनला फसवण्यासाठी होतो. त्याच वर्षी टॉम्ब्रोस आणि सँडरसन या संशोधकांनी दाखवून दिले, की वाचकाने विचारलेल्या शब्दांभोवतीची वाक्ये मजकुरातून वेचून सारांश केला, तर हवा तो दस्तऐवज ओळखणे वाचकाला अधिक सोपे जाते. म्हणजे एकाच पानाचे एकच वर्णन न राहता, जितके प्रश्न तितकी वर्णने झाली. लून यांचे वाक्ये वेचणारे यंत्र आता प्रश्नाकडे पाहून वेचू लागले.

सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीर केले, की क्रमवारी ठरवताना कीवर्ड्सची नोंद मुळीच विचारात घेतली जात नाही. आणि डिस्क्रिप्शनमुळेही क्रम बदलत नाही, मात्र ते स्निपेटसाठी कधी कधी वापरले जाते. अनेकांनी हा डिस्क्रिप्शनचा पराभव मानला. वास्तविक ते टिकले ते याच कारणाने. क्रमवारीचे आमिष गेल्यावर ते खोटे लिहिण्यात लाभ उरला नाही, आणि ते वाचकाच्या नजरेसमोर येत असल्यामुळे खरे लिहिण्यात लाभ उरला. कीवर्ड्स यंत्रासाठी होते म्हणून संपले. डिस्क्रिप्शन माणसासाठी होते म्हणून राहिले.

मधल्या काळात संपादकाचा दावाही पुढे आला होता. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ या संकेतस्थळांच्या सूचीत स्वयंसेवक संपादक त्यांची वर्णने लिहीत, आणि गूगल पुष्कळदा तीच निकालात दाखवत असे. ती कधी जुनी झालेली, कधी मालकाला न पटणारी असत. म्हणून २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि पाठोपाठ गूगलने ती वर्णने नाकारण्याची खूण पानाच्या मालकाच्या हाती दिली. ती सूची मार्च २०१७ मध्ये बंद पडली, तेव्हा या वादातील एक पक्षच नाहीसा झाला.

लांबीचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने स्निपेट सुमारे ३२० अक्षरांपर्यंत वाढवले, अनेकांनी आपली वर्णने नव्याने लिहून काढली, आणि मे २०१८ मध्ये ती मर्यादा पुन्हा सुमारे १६० वर आली. हे आकडे रोमन लिपीसाठी ठीक आहेत. मराठीसाठी ते फसवे आहेत. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त आणि र अशी त्याची सात चिन्हे होतात, आणि स्निपेट कापले जाते ते चिन्हे मोजून नव्हे, तर पडद्यावरच्या रुंदीनुसार. म्हणून मराठी लेखकाने आकड्याच्या मागे न लागता महत्त्वाचे ते पहिल्या वाक्यात आणावे, हेच श्रेयस्कर.

मराठी संकेतस्थळे सुरुवातीची कित्येक वर्षे स्वतःच्या खास फॉन्टवर चालत होती आणि त्यांचा मजकूर सर्च इंजिनला निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसे; युनिकोड रुळल्यावरच मराठी वर्णन मराठीत शोधता येऊ लागले. ही सोय मिळूनही एखाद्या वाचनालयाच्या पानाचे वर्णन ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’ असे राहत असेल, तर शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘जुने दिवाळी अंक बसून वाचण्याची सोय, सकाळी आठ ते रात्री आठ; वर्गणीचे दर आणि सभासद अर्ज येथे’ एवढे लिहिले, तर पान उघडावे की नाही हे त्याला तेथेच ठरवता येते. एचटीएमएलचे सध्याचे प्रमाणही याहून अधिक काही मागत नाही: वर्णन पानांच्या सूचीत वापरण्याजोगे असावे, आणि एका पानाला ते एकच असावे.